तुम्ही खरंच अडकत होता का?

अहो, तुम्ही गेल्यापासून दुखवट्याला येणारा प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलतोय. टोपी काढून मांडीवर ठेवायची, घसा खाकरायचा आणि म्हणायचं, "पैलवानाची पाठ कवा मातीला लागली न्हाय." बाकीचे माना हलवतात. मी पदर तोंडाशी धरून खाली बघते. लोकांना वाटतं, बाईला भरून आलं. भरून येतं हे खरंच, पण त्या वाक्याला मला हसू फुटतं, आणि दुखवट्यात हसणारी बाई कोल्हापुरात खपायची नाही. मातीचं सोडा, पण माडीवरच्या गादीला तुमची पाठ किती लागली होती आणि माझी किती, हे सांगायला गेले तर निम्मी मंडळी चहा न पिता उठतील.

हसू आलं की मान तुमच्याकडं वळते. सवयच ती. आता तिकडं नुसती खुर्ची असते, आणि खुर्चीत कुणीतरी लांबचा पाहुणा बसलेला असतो. तो मला बघून डोळे पुसतो.

लग्नाआधी तुम्ही लष्करात होता. तिथं एका हवालदारानं तुम्हाला जूडो शिकवला आणि त्यातला एक डाव तुमच्या डोक्यात बसला तो बसलाच. त्याचं 'काकू'नं संपणारं जपानी नाव तुम्ही मोठ्या ऐटीत सांगायचा. तुमच्या आईंना ते ऐकून वाटायचं, कुणा काकूंबद्दल बोलताय. शेवटी आपण त्याला तिकोन म्हणायला लागलो. स्वतः उताणं पडायचं, वरच्या गड्याच्या कमरेला दोन्ही पायांचं कुलूप घालायचं, आणि तो दाबायला लागला की त्याची मान आणि एक हात पायांच्या तिकोनात धरून आवळायचं. कागदावर सोपं दिसतं. पण हे तुम्ही कुठं सांगायला निघाला होता? कोल्हापुरात! जिथं पाठ टेकली की माणूस महिनाभर गल्लीत तोंड दाखवत नाही, तिथं तुम्ही म्हणत होता, पाठ टेका, मग जिंका. गुळाच्या पेठेत साखर विकायला बसण्यातलाच प्रकार.

त्या दिवसाची गोष्ट तुम्ही मला जेवताना इतक्या वेळा सांगितलीत की मी तालमीत कधी पाऊल टाकलेलं नसूनही मला तो लाल मातीचा हौदा दिसतो. बायकांना तिथं मज्जाव, पण माझ्या डोळ्यांना कोण अडवणार? बाजीराव, तुमचा लहानपणापासूनचा जोडीदार, तुम्ही दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायलासुद्धा एकत्र जायचा. तुम्ही त्याला म्हणालात, "ये, एक नवीन दावतो," आणि मातीत उताणे पडलात. बाजीराव वर आला. बघतो तर पाठ लागलेली. आता कोल्हापूरचा पैलवान अशा वेळी काय करणार? त्यानं एक हात तुमच्या छातीवर दाबला आणि दुसरा हात आभाळात उंच करून सगळ्यांना दाखवला, चीत! तुमच्या डावाला नेमकं तेवढंच पाहिजे असतं. एक हात आत, एक हात बाहेर. जपानात ही चूक गड्याकडून करवून घ्यायला खटपट करावी लागत असेल, आपल्याकडं माणसं ती हौसेनं करतात, आणि वर लोकांना दाखवतात.

हात वर केलेल्या बाजीरावाचे डोळे फिरले. तोंडावर पाणी मारून उठवला तर पहिला प्रश्न काय, "कोण जिंकलं?" इथं तुम्ही दर वेळी हसायचा. पण त्यापुढचं सांगताना तुमचा आवाज उतरायचा. वस्ताद पुढं आले आणि म्हणाले, "पाठ लागली तवाच कुस्ती संपली. त्याफुडचं काय ते भांडाण. आन् भांडाण करायचं आसंल तर भाईर जाऊन करायचं." सगळी तालीम हसली. तुमच्याच वयाची माणसं, तुमच्या हाताखाली तयार झालेले गडी, सगळे. त्यानंतर तुमच्याबरोबर तो डाव करायला कुणी तयार होईना. तुम्ही तालीम सोडली नाहीत. फौंड्रीतल्या कामाला जाण्याआधी रोज जायचा, जोर काढायचा, माती उकरायचा, गड्यांची अंगं रगडायचा. डाव मात्र गुंडाळून घरी आणलात, आणि घरात मी होते.

"मास्तरीण, जरा वर ये. आन् गुडघ्यावर बस."

रविवारची दुपार होती. मी पोरींच्या शुद्धलेखनाच्या वह्या तपासत होते. मला वाटलं, माडीवर उंदीर निघाला. वर गेले तर तुम्ही गाद्या पसरून उताणे, पाय हवेत. मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे का?" तुम्ही म्हणालात, "डोकं न्हाय, मान पायजे. तुजी." नवऱ्याला डाव घोटायला कुणी मिळत नाही म्हणून त्यानं बायकोची मान मागावी, असं दुसरं घर साऱ्या पेठेत नसेल. मला राग यायला हवा होता. पण तुमचा चेहरा इतका ओशाळलेला होता, आणि इतकी आशा होती त्यात, की मी वह्या बाजूला ठेवल्या आणि गुडघे टेकले.

थोड्या रविवारांनंतर तुम्हीच म्हणालात, आता तू खाली, मी वर. पाचवारी पातळात ते जमेना, म्हणून आईंचं जुनं लुगडं घेतलं आणि काष्टा मारला. तुम्ही एवढे दांडगे, कान मोडलेले, मान तर दिसायचीच नाही, डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं. आणि मी अशी मुठीएवढी. माझे पाय तुमच्या मानेमागं एकमेकांना भेटायचेच नाहीत. मी रडकुंडीला आले. तुम्ही वरून बघत म्हणालात, "पाय आखूड हाईत तुजं, ते काय आता वाढायचं न्हाईत. सरळ पडू नगंस. कुल्ला सरकव, वाकडी हो, माज्या कानात बघ. शाळंत पोरींना भूमिती शिकवतीस न्हवं? कोन घे की."

कोन घेतला. तुमचा एक हात तुमच्याच पोटाकडं ढकलला, दुसरा माझ्या छातीवरून ओढला, पाय मानेवर टाकला, नडगी धरली, आडवी फिरले, आणि एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्याच्या खळग्यात असा बसला की मलाच कळलं, हे कुलूप लागलं. तुमच्या मानेच्या एका बाजूला माझी मांडी, आणि दुसऱ्या बाजूला तुमचाच खांदा. अर्ध्या डावाचं काम अडकलेल्या माणसाचा खांदाच करतो, हे मला तेव्हा उमगलं. मी गुडघे आवळले. तुम्ही गादीवर दोन थापा मारल्यात, म्हणजे सोड. मी सोडलं. तुम्ही लालबुंद होऊन बसलात आणि लहान पोरासारखे हसलात. "अडकलो की गं!"

मग आईंचा तो दिवस. खाली त्यांना धपधप ऐकू आली. लेक सुनेला मारतोय असं वाटून त्या पळी घेऊन जिना चढल्या. दार लोटलं तर लेकाचं मुंडकं सुनेच्या पायांत, आणि लेक गादीवर थापा मारतोय. क्षणभर त्यांना पळी कुणावर उगारायची तेच कळेना. मग ओरडल्या, "आगं सोड त्येला! एकुलता हाय त्यो!" हसून हसून माझी पकड सुटली. त्या दिवसापासून त्याच आपल्या राखणदार झाल्या. रविवारी दुपारी शेजारीण आली की जिन्याच्या पायरीवर बसून सांगायच्या, "दोगं वर गाद्या झाडत्यात." एवढ्या झाडलेल्या गाद्या उभ्या गावात कुणाच्या नसतील.

अहो, तुम्ही मला काय दिलंत हे मी कधी नीट बोलले नाही. माझ्या माहेरी मुलीनं पाय जवळ घेऊन बसायचं, आवाज खाली ठेवायचा, अशी शिस्त. आपल्या अंगात जोर असतो, आणि तो पायांत असतो, हे मला सव्विसावं वर्ष उलटल्यावर एका पैलवानाकडून कळलं. शाळा सुटल्यावर अंधार पडला तरी मी रंकाळ्याच्या बाजूनं एकटी चालत यायचे. बाकीच्या बाई विचारायच्या, भीती नाही वाटत? काय सांगणार त्यांना? मी म्हणायचे, आमचं घर जवळ आहे.

म्हणूनच तुम्ही खरंच अडकत होता का, हा वाद इतका लागला मला. तुम्हाला वाटायचं, मास्तरीण हट्टाला पेटलीय. हट्ट नव्हता तो.

माझे वडील गेले त्या महिन्यातला रविवार. मी माहेराहून नुकती परत आले होते. कुणाशी बोलत नव्हते. तुम्ही म्हणालात, "चल, वर चल जरा." मी गेले, काष्टा मारला, पडले. हातपाय चालत नव्हते. पाय तुमच्या मानेवर नुसता ठेवला होता, कोन नव्हता, कुलूप नव्हतं, काही नव्हतं, आणि तुम्ही थापा मारल्यात. दोन जोरदार थापा. मी उठून बसले आणि तुमच्यावर असं तोंडसुख घेतलं की खालून आईंनी विचारलं, आज झाडणी जास्तच झालीय का. मला काय कुक्कुलं बाळ समजता? हरल्याचं सोंग करून रिझवता मला? तुम्ही खाली मान घालून ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "त्या एका दिसाचं खोटं हुतं. तुज्याकडं बघवत न्हवतं. बाकी समदं खरं हाय."

पण एकदा खोटी थाप मारलेल्या माणसाच्या बाकीच्या थापांवर कसा विश्वास ठेवायचा? सांगा. माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. तुमच्या एका दंडात माझी कंबर मावायची. सुटायचं मनात आणलं असतंत तर मला पायासकट उचलून खिडकीत ठेवलं असतंत. तुम्ही म्हणायचा, "कोन बसला की मी काय, हत्तीबी सुटत न्हाय." मी म्हणायचे, "मग हत्ती आणा, त्याला विचारते." तुम्ही म्हणायचा, "आगं, इस्वास ठेव की!" आणि मी म्हणायचे, "एकदा ठेवला होता."

हे भांडण आपण किती वर्षं भांडलो. लेक झाली, शाळेत गेली, तिचं लग्न करून तिला गडहिंग्लजला दिली, आई गेल्या, तुमचा गुडघा गेला आणि रविवारच्या गाद्या बंद झाल्या, तरी भांडण चालूच. भाजी निवडताना, टीव्हीवर बातम्या सुरू असताना. "खरं सांगा, अडकत होता?" "अडकत हुतो." "खोटं." "बरं, खोटं." "म्हणजे खोटंच ना?" "आगं बाई!" लोकांच्या घरी पैशावरून, जमिनीवरून वाद होतात, आपल्याकडं हा. मला तेवढंच कळायला हवं होतं, की आयुष्यात जी एक गोष्ट अंगात आली असं मला वाटत होतं, ती खरी होती की तुमचा लाड होता. लाड असता तरी मी तो घेतला असता हो. पण मग त्याला लाड म्हणायचं. जोर म्हणायचं नाही.

दवाखान्यात मी शेवटचं विचारलं. चेष्टेत नाही, अगदी सरळ. तुम्ही डोळे उघडून बघितलंत, हसलात, आणि म्हणालात, "आजून त्येच?" मग खोकला आला, नर्स आली, तिनं मला बाहेर उभं केलं. तुम्ही पुढं काय म्हणणार होता ते मला कधीच कळणार नाही.

तेरावा झाला, लेक थांबते म्हणत होती. तिच्या घरी सासू आजारी, पोर लहान. मीच तिला एस.टी.त बसवून आले. परत येऊन कुलूप उघडलं तर घर इतकं गप्प होतं की मी मुद्दाम भांडी वाजवली. पहिले काही दिवस माणसं होती, आता तीही आटली. सकाळी मी दोघांचा चहा टाकते आणि एक कप ओतून देते. तुम्ही तालमीतून यायच्या वेळेला दाराकडं कान जातो. ही गोष्ट कुणाला सांगायची नाही असं ठरवलं होतं, पण तुम्हाला सांगते. गेल्या रविवारी मी माडीवर गेले, गादी पसरली आणि पडून बघितलं. या वयात. पाय वर केले, कोन घेतला, घोटा खळग्यात घातला. मध्ये काही नव्हतं. जोर माणूस एकटा काढतो, बैठका एकटा मारतो, या डावाला मात्र कुणीतरी समोर येऊन मान द्यावी लागते. मी तशीच पडून राहिले आणि खूप रडले. खाली पायरीवर राखण करायलासुद्धा कुणी नव्हतं.

आणि काल संध्याकाळी बाजीराव आला.

रक्षाविसर्जनाला आला होता, पण तेव्हा गर्दीत लांब उभा होता. काल एकटाच आला, काठी टेकत. आता तोही म्हातारा दिसतो. बराच वेळ बसला, पाणी प्यायला, तुमच्या फोटोकडं बघत राहिला. तेच वाक्य येणार म्हणून मी पदर सावरून बसले. पण तो म्हणाला, "वैनी, एक सांगू? रागावणार न्हाईसा न्हवं?"

मी म्हटलं, "सांगा की."

"आमी लई छळलंय त्येला. तुमच्यावरनं."

"माझ्यावरनं?"

"व्हय. लई जुनी गोष्ट हाय. एकदा सोमवारी तालमीत आला तर मानंवर ह्यो एवढा तांबडा वळ. म्हणलं, कुणी धरलंतं रं? तर म्हणतोय, मास्तरणीनं. आमी म्हणलं, चेष्टा करतोयस व्हय? तर मारुतीकडं हात करून म्हणला, शप्पत. सुटायला लई बगितलं, सुटलोच न्हाय. डोळ्यांम्होरं काजवं आलं, तवा थाप मारली." बाजीराव हसायला लागला, मोडक्या कानापर्यंत लाल झाला. "वस्तादास्नी हसू आवरंना. तवापासनं त्येला तालमीत नावच पडलं, मास्तरणीचा पठ्ठ्या. दुसरी माणसं कुण्या वस्तादाचं नाव लावत्यात, ह्यो बायकूचं. चिडवून चिडवून दमलो, पर गडी कवा म्हणला न्हाय की ते खोटं हुतं. वर आनि म्हणायचा, हसू नगासा रं, धा येळा अडकलोय. आमास्नी वाटायचं, बायकूच्या पायी येडा झालाय."

मी पदर तोंडाशी धरून खाली बघितलं. बाजीरावाला वाटलं, मी रागावले. तो माफी मागायला लागला.

अहो, मला खूश करायला तुम्ही खोटं बोलाल, हे मी आजही पैजेवर सांगेन. पण तालमीत? हौद्याच्या काठावर उभं राहून, मारुतीला हात करून, बायकोनं हरवलं असं खोटं सांगणारा पैलवान या गावात अजून जन्माला यायचाय. आणि जिथं उताणे पडलात म्हणून तुम्हाला हिणवलं होतं, त्याच माणसांत. तिथं मी नव्हते. तुम्ही सांगितलेलं माझ्या कानावर यायची सोय नव्हती. मला रिझवायचा प्रश्नच नव्हता. तिथं तुम्ही फक्त स्वतःचं हसं करून घेत होता, वर्षानुवर्षं, आणि घरी येऊन माझी बोलणी खात होता, आणि एकदाही म्हणाला नाहीत की जाऊन बाजीरावाला विचार.

का नाही म्हणालात? हे नवीन भांडण आहे बरं का. मला आत्ताच्या आत्ता ते तुमच्याशी भांडायचंय. एका शब्दात सुटला असता. की तुम्हाला वाटलं, नुसत्या माझ्या शब्दावर हिचा बसला तर तो विश्वास, नाहीतर नको? असेल. तुम्ही तसेच होता, मोडेन पण साक्षीदार आणणार नाही.

मी बाजीरावाला म्हटलं, "ते खरं बोलत होते."

तो हसला. मग माझ्याकडं बघितलं आणि हसायचा थांबला. या आखूड पायांच्या, पांढऱ्या केसांच्या बाईकडं तो बराच वेळ बघत होता. नकळत त्याचा हात स्वतःच्या मानेकडं गेला. "आयला," एवढंच म्हणाला. मग काठी घेऊन उठला आणि उंबरा ओलांडताना पुन्हा एकदा म्हणाला, "आयला!"

बाहेरचं दार लागलं. मी तुमच्या फोटोसमोर उभी राहिले आणि मोठ्यांदा, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता म्हटलं, ठेवला. बसला माझा विश्वास. तुम्ही खरंच अडकत होता. इतकी वर्षं तुम्हाला एवढं एकच वाक्य माझ्या तोंडून ऐकायचं होतं, आणि ते म्हणता आलं तेव्हा घरात मी एकटी होते.